ध्वनिमिश्रणाचे पहिले धडे

मिक्सर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातले चटणी वाटायचे यंत्र उभे राहते. सप्ताहाच्या मंडपात कोपऱ्यात बसलेला साऊंडवालाही आपल्यासमोरच्या बटणांच्या पेटीला मिक्सरच म्हणतो. नाव एक असले तरी या दोन मिक्सरांची कामे उलटी आहेत. चटणीच्या भांड्यात शेंगदाणे, मिरची, लसूण इतके एकजीव व्हावे लागतात की त्यात काय काय घातले हे डोळ्यांना ओळखू येऊ नये. आवाजांच्या बाबतीत असे झाले तर काम बिघडले म्हणून समजावे. तिथे चिवड्याचा न्याय लावावा लागतो. चिवड्यात पोहे वेगळे दिसतात, शेंगदाणा वेगळा, खोबऱ्याचा काप वेगळा. तरी खाताना चव मिळून एकच लागते. प्रत्येक आवाज आपापल्या जागी ओळखू यावा आणि सगळ्यांचे मिळून एक गाणे व्हावे, याला ध्वनिमिश्रण म्हणतात.

एके काळी ही विद्या मुंबई-पुण्याच्या ध्वनिमुद्रणगृहांपुरती आणि आकाशवाणीच्या केंद्रांपुरती होती. आता ध्वनिमुद्रणाचे साधन बहुतेकांच्या खिशात आले आहे. गावोगावची भजनी मंडळे आपली भजने मोबाईलवर घेतात, शाळांचे शिक्षक मुलांची समूहगीते घेतात, आणि तासाभरात ते गाणे शंभर घरांत पोहोचते. आनंदाचीच गोष्ट आहे. पण बहुतेक वेळा त्यात ऐकू काय येते? टाळांचा खणखणाट, पखवाजाचे धबधब, आणि त्यांच्यामागे कुठेतरी विहिरीत बसून गातो आहे असा गायक. अभंगाचा शब्द ऐकणाऱ्याच्या हाती लागतच नाही. आता अभंगातून शब्द वजा केला तर मागे काय उरते, याचा विचार ज्याचा त्याने करावा. म्हणून नवशिक्याने कोठून सुरुवात करावी, ते आज पाहू. महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतो तो थोडा धीर आणि पुष्कळ कान.

प्रथम आवाजाची उंची-खोली समजून घेऊ. आवाज म्हणजे हवेचे कंपन. एका सेकंदात किती कंपने होतात ते हर्ट्झ या मापाने मोजतात. माणसाच्या कानाला साधारण २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येत जाते. पेटीवरची मधल्या सप्तकातली पांढरी एक ही पट्टी घ्या. तिची कंपने सेकंदाला सुमारे २६२ होतात. तिच्या वरच्या सप्तकातली तीच पट्टी याच्या दुप्पट, म्हणजे ५२४ च्या आसपास, आणि खालच्या सप्तकातली निम्मी, १३१ च्या आसपास. गवयी ज्याला सप्तक चढणे म्हणतो, त्याला विज्ञान कंपने दुप्पट होणे म्हणते. गोष्ट एकच.

या हिशेबाने आपले भजनी मंडळ बघा. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, ती पुडी जड व्हावी आणि तिचा आवाज खाली उतरावा म्हणून. त्या आवाजाचा मुक्काम अगदी खालच्या मजल्यावर. पुरुषाचा आणि बाईचा गाण्याचा आवाज मधल्या मजल्यावर, आणि पेटीचा मुक्कामही नेमका तिथेच. टाळ आणि चिपळ्या वरच्या मजल्यावर, काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. आता इथे एक गंमत आहे. गाणाऱ्याचा स्वर मधल्या मजल्यावर राहतो खरा, पण त्याचा शब्द ज्यांवरून ओळखू येतो ती व्यंजने वरच्या मजल्यावर राहतात. स, श, त, च, ट या अक्षरांचा जो फुत्कार किंवा ठसका असतो, तो साधारण २,००० ते ८,००० हर्ट्झच्या दरम्यान सापडतो. म्हणजे टाळांच्या शेजारीच. स्वर ऐकू येतो, चाल कळते, पण शब्द कळत नाही, अशी तक्रार भजनाच्या ध्वनिमुद्रणाबद्दल नेहमी होते. तिचे मूळ या शेजारात आहे. बारा टाळकरी मिळून एका गायकाची व्यंजने झाकून टाकतात.

एक आवाज दुसऱ्याला झाकतो तेव्हा बहुधा तीन कारणे असतात. दोघांचे मजले एक असतात, दोघे एकाच वेळी वाजतात, आणि त्यांतला एक दुसऱ्याहून बराच मोठा असतो. यांपैकी एखादे कारण दूर केले तरी झाकलेला आवाज बाहेर येतो. आणखी एक नियम लक्षात ठेवावा. खालचा आवाज फार मोठा झाला तर तो आपल्या वरच्या मजल्यांनाही झाकतो. मिरवणुकीतल्या मोठ्या खोक्यांपुढे गाण्याचे बोल का कळत नाहीत, याचे उत्तर यात आहे. ध्वनिमिश्रण शिकणे म्हणजे कोण कोणाला झाकतो आहे हे ओळखायला शिकणे. हे ओळखता आले की हात आपोआप योग्य बटणाकडे जातो. ते ओळखता आले नाही, तर माणूस प्रत्येक आवाज थोडा थोडा वाढवत जातो, सगळे वर चढतात आणि पुढे कोणीच येत नाही.

ही विद्या बटणांहून जुनी आहे. गौहर जान यांची गाणी १९०२ मध्ये कलकत्त्याला तबकडीवर घेतली गेली, त्या वेळी विजेचा मायक्रोफोन वापरात नव्हता. गायक एका कर्ण्यात तोंड घालून गायचा आणि साथीचे लोक मागे बसायचे. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण १९२५ पासून रूढ झाले, तरी पुढे पुष्कळ वर्षे बहुतेक काम एखाद्या मायक्रोफोनवरच भागवावे लागे. तेव्हा मिश्रण व्हायचे ते बसण्याच्या जागेवरून. गायक मायक्रोफोनच्या जवळ, सारंगी किंवा पेटी थोडी दूर, तबला त्याहून दूर. ‘अयोध्येचा राजा’ हा प्रभात कंपनीचा बोलपट १९३२ साली आला. त्या काळी पार्श्वगायन रूढ झालेले नव्हते; नट गायचे ते चित्रीकरणाच्या वेळीच, आणि वादकांना कॅमेऱ्याच्या नजरेआड पण मायक्रोफोनच्या कानाशी बसवावे लागे. प्रभातमध्ये ध्वनीची बाजू सांभाळणारे विष्णुपंत दामले पुढे ‘संत तुकाराम’ या १९३६ च्या चित्रपटाचे, फत्तेलाल यांच्याबरोबर, दिग्दर्शक झाले. त्या चित्रपटातली भजने आजही ऐकावीत. साधने तुटपुंजी, पण शब्द स्वच्छ.

तिकडे अमेरिकेत २७ एप्रिल १९३३ रोजी एक प्रयोग झाला. फिलाडेल्फिया शहरात वाद्यवृंद वाजत होता आणि त्याचा आवाज तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात नेऊन तीन ध्वनिक्षेपकांतून ऐकवला जात होता. वाद्यवृंदाचे मुख्य संचालक लिओपोल्ड स्टोकोव्हस्की या वेळी वादकांपुढे उभे नव्हते. ते वॉशिंग्टनमध्ये बटणांपाशी बसले होते आणि तिथून आवाज कमीजास्त करीत होते. वादकांपुढे उभे राहायला त्यांनी दुसरा संचालक नेमला होता. एवढ्या मोठ्या कलावंताने ते काम स्वतःकडे घेतले, कारण बटण फिरवणे हाही गाण्याचाच भाग आहे हे त्याला कळले होते.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर ‘गीतरामायण’ घ्या. ग. दि. माडगूळकरांची गीते आणि सुधीर फडक्यांचे संगीत, अशी ही ५६ गाण्यांची माला १ एप्रिल १९५५ पासून, म्हणजे रामनवमीपासून, पुणे आकाशवाणीने दर आठवड्याला ऐकवली. त्या काळच्या रेडिओला आजच्यासारखा झगझगीत आवाज नव्हता. मध्यमलहरींवर वरच्या मजल्यावरचे पुष्कळसे आवाज पोहोचतच नसत. तरी घरोघर लोक ते शब्द ऐकून लिहून घेत. कवीने शब्द सोपे योजले, संगीतकाराने वाद्ये बेताची ठेवली, आणि गाणारा नेहमी पुढे राहिला. नवशिक्याने ही गाणी एकदा केवळ मिश्रणाच्या कानाने ऐकावीत.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. समजा, गावात सहासात जणांचे भजनी मंडळ आहे आणि त्याचे एक भजन मोबाईलवर घ्यायचे आहे. पहिला धडा जागेचा. कापसाच्या वेचणीनंतर आपल्या भागात घरातली एखादी खोली कापसाने भरलेली असते. त्या खोलीत बोलून पाहा. आवाज तोंडातून निघतो आणि तिथेच विरतो. उलट देवळाच्या दगडी सभामंडपात एक टाळी वाजवा. तिची आस कितीतरी वेळ घुमत राहते. मऊ, भुसभुशीत वस्तू आवाज पिऊन टाकतात आणि कठीण भिंती तो परतवतात. सभामंडपातला घुमारा प्रत्यक्ष बसलेल्याला गोड लागतो, पण ध्वनिमुद्रणात तो एका अक्षरावर दुसरे अक्षर चढवतो. पत्र्याची खोली त्याहून वाईट. म्हणून शक्य असेल तर घराच्या ओसरीवर किंवा सामानसुमान असलेल्या खोलीत बसावे, खाली जाजम अंथरावे, समोरच्या उघड्या भिंतीवर दोन वाकळा टांगाव्यात. पंखा बंद करावा. मोबाईल विमान-अवस्थेत ठेवावा, म्हणजे ऐन गवळणीत कोणाचा फोन येणार नाही.

दुसरा धडा अंतराचा. मोकळ्या जागेत आवाजापासूनचे अंतर दुप्पट केले की त्याची पातळी सहा डेसिबलने उतरते. डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप. साधारण दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. खोलीत भिंतींमुळे हा हिशेब तंतोतंत जुळत नाही, पण कामापुरता पुरतो. गायक मोबाईलपासून एक हात आणि पखवाज चार हात ठेवला तर पखवाज बारा डेसिबलने मागे गेला. एक पैसा न खर्चता मिश्रण झाले! टाळकरी आणखी मागे, अर्धगोलात बसवावेत. पेटी गायकाच्या शेजारी असतेच, तिचे तोंड थोडे बाजूला वळवावे. मोबाईल मात्र पेटीवर ठेवू नये. भात्याचे धक्के त्यात उतरतात. जाजमावरही आडवा टाकू नये. एखाद्या स्टुलावर टॉवेलाची घडी ठेवून तिच्यावर तो ठेवावा. बहुतेक मोबाईलचा मायक्रोफोन खालच्या कडेला असतो, ती कड गायकाकडे करावी आणि बोटाने झाकू नये. अर्धा मिनिट गाऊन घ्यावे, ऐकावे, माणसे हलवावीत, पुन्हा घ्यावे. असे चार वेळा केले तर पुढचे निम्मे काम वाचते.

तिसरा धडा पातळीचा. पाण्याने रांजण काठोकाठ भरला आणि वर आणखी ओतले तर ते सांडते. यंत्रातही आवाजाला काठ आहे. काठावरून गेलेला आवाज कापला जातो आणि तिथे चरचर ऐकू येते. ही चरचर नंतर पूर्णपणे काढता येत नाही. म्हणून सर्वांत मोठ्या क्षणीसुद्धा काठाखाली थोडी जागा, सहा डेसिबल तरी, रिकामी राहू द्यावी. हळू घेतलेला आवाज नंतर वाढवता येतो. कापलेला जोडता येत नाही.

एवढ्याने पुष्कळ मंडळांचे भागेल. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी दोन मोबाईल वापरून पाहावेत, एक गायकाजवळ आणि दुसरा पखवाजाजवळ. दोन्ही सुरू केल्यावर मध्ये उभे राहून एकाने जोरात एक टाळी वाजवावी. नंतर संगणकावर दोन्ही मुद्रणे एकाखाली एक ठेवली की टाळीचा टोकदार उंचवटा दोन्हीकडे दिसतो. तो जुळवला की गाणे जुळले. चित्रपटात दृश्यापूर्वी फळी आपटतात ती यासाठीच. गाणे फार लांब असेल तर शेवटी आणखी एक टाळी घ्यावी, कारण दोन यंत्रांची घड्याळे किंचित मागेपुढे चालतात. या कामासाठी ऑडॅसिटी नावाचे सॉफ्टवेअर २००० सालापासून विनामूल्य मिळते. शाळेतल्या जुन्या संगणकावरही ते बहुधा चालते.

आता खुद्द मिश्रण. सगळी सरकती बटणे, ज्यांना फेडर म्हणतात, ती खाली ओढावीत. प्रथम एकट्या गायकाला वर आणावे. तो नीट ऐकू येऊ लागला की त्याला हात लावायचा नाही. मग पखवाज हळूहळू वर आणावा. ठेका पायाखाली लागला असे वाटले की थांबावे. नंतर पेटी. पेटी गायकाच्याच मजल्यावर राहते, म्हणून ती नसली तर चुकल्यासारखे वाटावे आणि असली तर तिच्याकडे लक्ष जाऊ नये, एवढीच ठेवावी. सर्वांत शेवटी टाळ. अशा क्रमाने गेल्यावर प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारावा : हा आवाज आल्याने आधीचा कोणी झाकला गेला का? झाकला असेल तर मागच्याला वाढवू नये, आत्ता आलेल्याला कमी करावे.

त्यानंतर मजल्यांची बटणे येतात. त्यांना इक्वलायझर म्हणतात. त्यांनी एखाद्या आवाजाचा खालचा, मधला किंवा वरचा भाग कमीजास्त करता येतो. नवशिक्याने पहिले वर्षभर ती फक्त कमी करायलाच वापरावीत. गायकाच्या मुद्रणातला ८० हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाकला तर गाणे बिघडत नाही; पंख्याची घरघर, पावलांचे धक्के मात्र जातात. टाळांचा वरचा भाग दोनतीन डेसिबल उतरवला तर गायकाचे स आणि त मोकळे होतात. एवढ्याशा बदलाने काय होणार, असे वाटते. करून पाहावे.

कॉम्प्रेसर हे आणखी एक हत्यार. कालव्याच्या चारीवर बसलेला माणूस पाणी फार आले की दार थोडे उतरवतो आणि ओसरले की पुन्हा उचलतो, तसे हे यंत्र आवाजाशी वागते. गायक आलापात हळू आणि टिपेला मोठा असतो, तो फरक ते आवरते. मात्र दार सारखे खालीच राहिले तर पाण्याचा जोर जातो, तसा गाण्याचा जीव जातो. हळू आणि मोठा हा फरक गायकाने अर्थासाठी केलेला असतो, तो सगळाच सपाट करायचा नसतो. बरेच मोबाईल हे काम आपले आपणच करतात आणि वाईट करतात. टाळ वाजले की गायकालाही दाबतात. ही सोय बंद करण्याची व्यवस्था असेल तर ती बंद ठेवावी.

राहिला घुमारा, ज्याला रिव्हर्ब म्हणतात. कापसाच्या खोलीत घेतल्यासारखे कोरडे मुद्रण कानाला परके वाटते, म्हणून यंत्राने थोडे सभामंडप त्यात मिसळता येते. ते पातळ डाळीतल्या हिंगाएवढे असावे. घुमारा असल्याचे लक्षात आले की तो जास्त झाला. डावी-उजवी बाजू वाटून देण्याचेही एक बटण असते. भजनात टाळकरी दोन ओळींत समोरासमोर उभे राहतात, तसेच त्यांना दोन बाजूंना थोडे थोडे सरकवावे. गायक आणि पखवाज मध्यावर. पण पुष्कळ लोक एका छोट्या स्पीकरवरच ऐकणार, हे विसरू नये. तिथे डावे-उजवे सगळे एक होते.

आता परीक्षा. तयार झालेले भजन अगदी हळू आवाजात लावावे आणि ओसरीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन ऐकावे. शब्द कळला तर मिश्रण जमले. मग तेच मोबाईलवर, रेडिओच्या स्पीकरवर, कोणाच्या ट्रॅक्टरवरच्या टेपवर ऐकावे. सगळीकडे सारखे छान लागणार नाही, पण कुठेही शब्द बुडता कामा नये. याहून कडक परीक्षा एक आहे. मंडळातल्या लोकांना अभंग पाठ असतो. ज्याला शब्द पाठ आहेत त्याला ते बुडालेले असले तरी ऐकू येतात, कारण मन ते भरून काढते. म्हणून त्यांना विचारू नये. जो अभंग सहावीसातवीच्या मुलाला ठाऊक नाही, तो त्याला दोनदा ऐकवावा आणि शब्द लिहून काढायला सांगावे. जिथे तो अडेल, तिथे आपले काम बाकी आहे. कितीही महागडे यंत्र असले तरी ते ही परीक्षा घेऊ शकत नाही.

मंडपात माईकवर भजन चालू असताना कधी कधी एकाएकी शीळ घुमू लागते. स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो, आणि हे चक्र वाढत जाते. माईक स्पीकरच्या मागच्या बाजूला ठेवावा, गायकाने माईकच्या जवळ यावे आणि एकूण आवाज कमी करावा, म्हणजे शीळ थांबते. आवाज कमी करण्याला आणखीही कारण आहे. सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यावर बंधन आहे. राज्य सरकारने सणावारी सूट दिलेले मोजके दिवस तेवढे वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित धरता येते. त्याहून मोठ्या आवाजाला हा वेळ झपाट्याने कमी होतो. कानातल्या ज्या सूक्ष्म पेशी आवाज टिपतात त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. ध्वनिमिश्रण करणाऱ्याचे सगळे भांडवल ते दोन कान. तासाभर काम केले की ते थकतात आणि खोटे सांगू लागतात. तेव्हा उठावे, शेताकडे चक्कर मारावी, आणि शेवटचा निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावा.

एवढी खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या जिल्ह्यातले गंगाखेड हे जनाबाईचे गाव. तिच्याबरोबर विठ्ठल दळण दळू लागला, असे परंपरा सांगते. जात्यावरची ओवी हे ध्वनिमिश्रणाचे आपल्याकडचे फार जुने आणि फार चांगले उदाहरण आहे. जात्याची घरघर खालच्या मजल्यावर, एका लयीत, न थांबता. आणि तिच्यावर, मोकळ्या जागेत, बाईचा आवाज. कोणी कोणाला झाकीत नाही. घरघर त्या गळ्याला आधार देते, ठेका देते, आणि शब्दाला वाट मोकळी ठेवते. पिठाच्या गिरण्या आल्या आणि ही जोडी मोडली. गी पॉइट्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुढाकार घेऊन महाराष्ट्रातल्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळ ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. आपल्या ताडकळसच्या ओव्याही त्यांत आहेत. पण जे गोळा झाले त्याहून कितीतरी जास्त अजून गावोगावच्या म्हाताऱ्या गळ्यांतच आहे. काकड्याच्या जुन्या चाली, भारुडे, पाळणे, लग्नातली गाणी. गाणारे सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे गाणे पुन्हा दहा वेळा घेता येईल, असे कोणी धरून चालू नये.

हल्ली संगणकाच्या बुद्धीने एकत्र मिसळलेल्या गाण्यातून गळा आणि वाद्ये वेगळी काढता येतात. अडीअडचणीला हे साधन उपयोगी आहे. परंतु जो शब्द मुद्रणातच नीट उतरला नाही, तो कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. फार तर त्याच्या जागी अंदाजाने काही भरते. म्हणून म्हातारीची ओवी घ्यायची तर टाळ-पखवाज बाजूला ठेवावेत, जाते असेल तर ते फिरू द्यावे, मोबाईल तिच्यापासून एका हातावर ठेवावा आणि आपण गप्प बसावे. गाणे संपल्यावर तिचे नाव, गाव, तारीख तिच्याच आवाजात घ्यावी. मूळ मुद्रण जसेच्या तसे दोन ठिकाणी जपून ठेवावे. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर ते कागदपत्र म्हणून पाठवावे. एरवी ते लहान करताना आवाजाची काटछाट होऊ शकते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. आठवड्यातला एक तास यासाठी काढावा. वर्गातल्या पाच मुलांना पाच वस्तू द्याव्यात : ताट, डबा, खुळखुळा, शिट्टी, आणि पाचव्याला एक गोष्ट वाचायला द्यावी. बाकीच्या मुलांनी डोळे मिटून ऐकावे आणि गोष्ट ऐकू यावी म्हणून कोणाला किती मागे सरकवायचे, कोणाला कधी थांबवायचे ते सांगावे. अर्ध्या तासात मुलांना कळते की ताटवाल्याला हाकलून देण्याची गरज नाही. तो दाराशी उभा राहिला आणि वाचणारा श्वास घेईल तेव्हा वाजवू लागला, तर गोष्टही ऐकू येते आणि ताटही गोड लागते. मग त्याच मुलांना घरच्या आजीचे एक गाणे घेऊन यायला सांगावे. आजी नसेल तर शेजारची. शाळेच्या संगणकात अशी वीस गाणी जमली, आणि त्यांतला प्रत्येक शब्द ऐकणाऱ्याला लिहून घेता आला, तर त्या शाळेला ध्वनिमिश्रणाचे पहिले धडे आले असे खुशाल समजावे.